सुरगाठ

नाशिककरांची पुराची मोजपट्टी गोदाघाटावर उभी आहे. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले की छातीपर्यंत चढले, यावरून शहर पुराचा अंदाज बांधते. ऑगस्ट २०१९ मध्ये तर ही मूर्ती पूर्णपणे पाण्याखाली गेली होती. त्याच गोदावरीला शहराच्या वरच्या अंगाला अडवणाऱ्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर, संध्याकाळी होडी काठाला लावणाऱ्या मासेमाराला अशी आयती खूण मिळत नाही. रात्रभरात पाणी किती हलेल, याचा हिशेब त्याला दोराच्या लांबीतच मांडावा लागतो.

१९६५ साली पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणाची साठवण क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आहे. पावसाळ्याअखेर तुडुंब असलेला जलाशय शहराची तहान आणि शेतीची आवर्तने भागवत उन्हाळ्यापर्यंत उतरत जातो आणि पाण्याबरोबर काठही खाली सरकतो. म्हणून दिवाळीत सोयीचा वाटणारा पक्का धक्का मे महिन्यात पाण्यापासून लांब, कोरड्या मुरमावर उभा राहील. येथे धक्का म्हणजे काळ्या दगडांची एक सपाट जागा, जमिनीत ठोकलेला खुंटा आणि होडीच्या कडेला घासू नये म्हणून लटकवलेला जुना टायर, एवढेच. पाणी उतरले की खुंटा उपटायचा आणि काही पावले खाली पुन्हा ठोकायचा.

खुंटा सरळ ठोकत नाहीत. त्याचे डोके पाण्यापासून उलट्या बाजूला कललेले ठेवतात, म्हणजे होडीने ओढ दिली तरी तो उपटून येत नाही. होडी काठाला आणतानाही घाई चालत नाही. वारा समोरून घेत, काठ जवळ येताच वल्हे थांबवून तिला उरलेल्या वेगावर तिरकी येऊ द्यावी लागते. एक जण दोर घेऊन आधी उतरतो आणि दुसरा वल्ह्याने तिचे मागचे टोक आवरून धरतो. दोघेही एकदम एकाच कडेला उभे राहिले, तर होडी कलंडायला वेळ लागत नाही.

खरे कसब त्यानंतरचे आहे. त्र्यंबकेश्वर आणि त्याजवळच्या आंबोली गावाच्या बाजूला पाऊस कोसळला की पाणी वर येते, आणि आखूड बांधलेल्या होडीचे पुढचे टोक खाली खेचले जाऊन लाटांचे पाणी आत शिरू लागते. उलट धरणातून विसर्ग वाढला, तर पाणी उतरून होडी दगडावर तिरकी टेकते आणि तिचा तळ चिरतो. दोर सैल सोडला की वारा तिला रात्रभर खडकावर आपटतो. “ढील दे रे, पण मोकळी सोडू नको,” हे नवख्याला काठावरून ऐकवले जाते ते याच तिढ्यामुळे. यावरचा तोडगा साधा आहे. मागच्या टोकाला बांधलेला जड दगड थोड्या खोल पाण्यात सोडायचा, म्हणजे पुढे खुंटा आणि मागे दगड यांच्यामध्ये होडी काठापासून हातभर अंतर राखून वर-खाली होऊ शकते. दोर जेथे दगडाच्या धारेवरून जातो, तेथे चिंध्या गुंडाळतात. तेवढी जागा विसरली, तर नवा नायलॉनचा दोरही वाऱ्याच्या एका रात्रीत झिजू शकतो.

गाठीबाबत मात्र तडजोड नाही. खुंट्याला दोन वेढे आणि त्यावर सुरगाठ, निरगाठ नव्हे. सुरगाठीचे मोकळे टोक लांब ठेवून होडीत परत आणतात. वरवर हे नसते काम वाटते. पण पहाटे पाणी चढून खुंटा बुडालेला असतो, गाठ कोठे आहे ते दिसत नाही, आणि फुगलेली निरगाठ थंड बोटांनी सुटत नसल्याने कोयता शोधावा लागतो. होडीत टोक ठेवणारा माणूस डब्याने तळातले पाणी उपसतो, मागचा दगड वर घेतो, आणि बसल्या जागेवरून एक हिसका देतो. पाण्याखाली गाठ सुटते, आणि ओला दोर सळसळत होडीत येतो.