कुत्रा घ्यायचाय? आधी घरातलं घड्याळ बघा

नमस्कार मंडळी. परीक्षा संपल्या की घराघरात एक टुमणं सुरू होतं, आई, आपण कुत्रा घेऊया ना. मग बाबा मोबाईलवर फोटो बघायला लागतात, आणि फोटोत काय, सगळीच पिल्लं गोड दिसतात. माझं म्हणणं असं की फोटो नंतर बघा, आधी हे ठरवा की जुलैच्या पावसात सकाळी सहाला छत्री धरून त्याला खाली कोण नेणार. मुलं म्हणतात आम्ही नेऊ, आणि सुरुवातीला नेतातही, मग शाळा, क्लास, आणि शेवटी ते काम आजोबांच्या गळ्यात पडतं. आता आजोबांचे गुडघे दुखतायत, पट्ट्याच्या टोकाला तीस किलोचा लॅब्राडोर आहे आणि समोरून मांजर गेलं... कळलं ना.

दोघंही हिंजवडीला नोकरीला असाल, ट्रॅफिक धरून दहा तास घर बंद, तर दोन महिन्यांचं पिल्लू घेऊच नका. त्याला दर दोन-तीन तासांनी शू लागते. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा शांत कुत्रा दत्तक घ्या, आणि दुपारी फिरवून आणणारं कोणीतरी बघून ठेवा.

आता जातींचं बोलू. आपल्याकडे लॅब सगळ्यांना हवा असतो, स्वभावाने गुणीच आहे तो, पण खादाड. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की काही लॅबच्या जनुकातच असा बदल असतो की त्यांची भूक काही भागत नाही, म्हणजे तो केविलवाणा बघतो म्हणून अजून अर्धी पोळी टाकायची नाही. हस्की सायबेरियातला, अंगावर केसांचे दोन थर, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळीसला टेकतो. दिवसभर एसी लावणार असाल तरी मी नकोच म्हणेन. पग छोटा म्हणून फ्लॅटला बरा वाटतो पण नाक चपटं, श्वास अपुरा पडतो, उन्हात त्याचे हाल होतात. बीगल इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी कळपाने पाळायचे, त्यामुळे वास लागला की हा गडी गळा काढणारच, आणि तोही दुपारी एक ते चार या वेळेत. सदाशिव पेठेत राहून बघा.

मुधोळ हाउंड, म्हणजे आपला कारवान, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा, तिथल्या घोरपडे राजांनी जपलेला. ऊन सोसतो, देखणा आहे, पण जन्म पळण्यासाठी, वन बीएचकेत कोंडलात तर सोफा फाडेल. मला विचाराल तर पुण्याच्या फ्लॅटला सगळ्यात जमतो तो आपला गावठी कुत्रा. अंगावर केस आखूड, इथल्या हवेला सरावलेला, आणि डोकं तर असं चालतं की लिफ्टचा आवाज ऐकून कोण आलं ते ओळखतो.

विकतच घेणार असाल तर २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी लागते. पिल्लाची आई दाखवा म्हणा. ती गावाला आहे वगैरे सांगायला लागले की उठून या. पिल्लू हातात घेऊन पोट बघा, बाकी अंग बारीक आणि पोट ढोलासारखं टम्म असेल तर बहुतेक जंत आहेत. कानामागे आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. चिपड्या डोळ्यांचं, कोपऱ्यात मलूल पडलेलं असेल तर दया येते, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

सोसायटीचं म्हणाल तर जनरल बॉडीने ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं केंद्राच्या पशु कल्याण मंडळाने स्पष्ट केलंय. पण पार्किंगमधली घाण उचलायची नाही आणि वर परिपत्रक नाचवायचं, हे काही बरोबर नाही हां. रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचं लायसन्सही काढायचं.

आणि या रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर चक्कर मारा. कुत्रा घेऊन आलेल्या दोन-चार जणांना गाठा, केस किती गळतात, डॉक्टरचा खर्च किती येतो, कोकणात जाता तेव्हा याला कुठे ठेवता, सगळं विचारा. कुत्र्याबद्दल विचारलंत तर पुणेकरसुद्धा थांबून उत्तर देतो.