कारखान्याआधी झाडं मागणारा माणूस

श्रोतेहो नमस्कार. आज एका बागेबद्दल बोलायचंय, आणि ती आपल्याकडची नाही, पार झारखंडमधली, जमशेदपूरचं ज्युबिली पार्क. पोलादाचं गाव म्हटलं की डोळ्यासमोर धुराडी येतात ना, पण तिथे ऐन शहरात दोनशे एकरांच्या वर हिरवळ आहे, गुलाबाची बाग, कारंजी, जयंती सरोवर, लागूनच प्राणिसंग्रहालय, आणि आखणी म्हैसूरच्या वृंदावन गार्डनवरून सुचलेली. टाटांच्या पोलाद कंपनीला 50 वर्षं झाली त्या निमित्ताने हे पार्क झालं, 1958 च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं, आणि आत जमशेदजी टाटांचा पुतळा आहे.

पुतळे काय, गावोगाव असतात. पण ही बाग त्यांनी स्वतः मागितली होती हो! 1902 मध्ये त्यांनी मुलाला, दोराबजींना पत्र लिहिलं, तेव्हा कारखान्याची जागासुद्धा सापडली नव्हती बरं का, आणि हा माणूस लिहितोय की रस्ते रुंद ठेव, कडेने सावलीची झाडं लाव, त्यातलं एकाआड एक लवकर वाढणारं असू दे, बागांना भरपूर जागा सोड, फुटबॉल-हॉकीला मैदानं ठेव, देवळं, मशिदी, चर्च यांनाही जागा राख. ते 'एकाआड एक' मला फार भावतं. भट्टीवर राबून आलेल्याला चार-दोन वर्षांत सावली मिळावी आणि सावकाश वाढणारं झाड त्याच्या नातवंडांना, मी तरी त्याचा अर्थ असाच घेते.

आणि हे अचानक सुचलेलं नव्हतं. आपल्या नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली, तिथे 1886 मध्येच कामगारांसाठी पेन्शन फंड होता, 1895 पासून अपघाताची भरपाई, कायदा यायच्या कितीतरी आधी. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी तर त्यांनी आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा काढून ठेवला, त्यात मुंबईतल्या इमारतीही आल्या.

यातलं जमशेदपूर मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. 1904 ला जर्मनीत त्यांचं निधन झालं, कारखान्यासाठी साकची गावाची जागा नंतर मिळाली, पोलाद 1912 ला निघालं, गावाला त्यांचं नाव लागलं 1919 मध्ये.

3 मार्चला, त्यांच्या जन्मदिवशी, पार्कात मोठी रोषणाई असते, सगळं शहर लोटतं. मुंबईहून नागपूरमार्गे हावडा मेल थेट टाटानगरला, म्हणजे जमशेदपूरच्या स्टेशनला, जाते, जमलं तर नक्की जा, आणि पार्कात शिरायच्या आधी गावातल्या रस्त्यांवरून एक चक्कर मारा. नमस्कार.