डब्यातला मटार

नमस्कार श्रोतेहो. दसरा झाला, परतीचा पाऊसही उघडला. कुणाचा मटार टोकून झाला असेल, कुणाच्या रानाला अजून वाफसा यायचा असेल. आणि काही गावांत, कृष्णाकाठी किंवा नीरेच्या पाटाखाली, पेरणी होऊनही वावरात मोकळे पट्टे दिसत असतील. वरच्या अंगाला रोपं हिरवीगार आणि खालच्या अंगाला नुसती भुई. सकाळी दव सुकलं की त्या भुईवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. आपल्याकडं म्हणतात, मीठ फुटलं.

अशा जमिनीत मटाराचं काय होतं, ते मला कॉलेजात शिकवलं होतं. पण मला ते कळलं माझ्या आत्याच्या परसात.

आत्या वाळवा तालुक्यात दिलेली. त्या साली त्यांनी उसाचा खोडवा मोडून बारा गुंठ्यांत मटार केला होता. मी शेतकीची पदवी घेऊन नुकताच घरी आलो होतो. दहाव्या दिवशी तिच्या रानात गेलो तर वरचा अर्धा तुकडा छान उगवलेला, खालच्या अर्ध्यात चार इथं, दोन तिथं. मी एक दाणा उकरून पाहिला आणि निकाल देऊन टाकला, "बियाणं खराब आहे. चल, दुकानदाराला जाब विचारू."

आत्या बांधावर बसली होती. ती म्हणाली, "आरं, एकाच पिशवीतलं बी. वर उगवलं ते बी चांगलं आनि खाली न्हाई उगवलं ते वाईट, आसं कसं? बियान्याला बोल लावायच्या आदी मातीला इचार की."

घरी आल्यावर तिनं माळ्यावरचे तुपाचे तीन रिकामे डबे काढले. मी लगेच माती भरायला लागलो तर तिनं हात धरला. "आदी भोकं पाड. पानी जानार कुटनं?" श्रोतेहो, हे वाक्य ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडं येणार आहे. आधी भोकं, मग पाणी.

खिळ्यानं प्रत्येक डब्याच्या बुडाला पाच-सहा भोकं पाडली. एका डब्यात तुळशीजवळची माती, दुसऱ्यात रानाच्या वरच्या अंगाची, तिसऱ्यात त्या पांढऱ्या पट्ट्याची. त्याच पिशवीतले दहा-दहा दाणे, एकाच तांब्यानं मोजून पाणी. मी वहीत रोज मोजणी लिहीत होतो. आठव्या दिवशी तुळशीच्या मातीत दहाच्या दहा वर आले होते. वरच्या रानाच्या डब्यात नऊ. पांढऱ्या मातीत एकही नाही. बाराव्या दिवशी त्यात तीन कोंब दिसले, तेही बोटाच्या पेराएवढे, पानं आखडलेली.

उरलेल्या सातांपैकी एक दाणा आत्यानं केसांच्या आकड्यानं हलकेच वर काढला. मला वाटलं होतं कुजला असेल. कुजला नव्हता. थोडा फुगलेला, सालीला सुरकुत्या, आत घट्ट. तिनं तो तळहातावर घेतला आणि म्हणाली, "मेलं न्हाई रं बी. तानेजलंय. पान्यात बसून तानेजलंय."

पाण्यात बसून तहानलेलं बी! सगळा अभ्यासक्रम त्या तीन शब्दांत होता. लोणच्याच्या कैरीला मीठ चोळलं की फोडींना पाणी सुटतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मीठ पाणी ओढतं. मातीत मीठ असलं की तीच ओढाताण बियाभोवती चालते. माती ओली असते, पण मीठ ते पाणी धरून ठेवतं, बियाला सोडत नाही. मोड यायला पाणी लागतं, ते मिळत नाही म्हणून बी थांबून राहतं.

तर आत्यानं तो दाणा परत मातीत खोचला. डबा दोन विटांवर ठेवला, खाली पितळी परात. आणि नदीचं गोडं पाणी वरून हळूहळू ओतायला लागली. भोकांतून थेंब-थेंब परातीत पडू लागले. तिनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मलाही चाखायला लावलं. खारट, थोडं कडवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, तेव्हा नुसतं मचूळ लागलं. चौथ्या दिवशी चव जवळजवळ पाण्याचीच. परातीतलं पहिल्या दिवसाचं पाणी उन्हात आटलं होतं, त्याच्या कडेला पांढरा पापुद्रा धरला होता. आत्यानं तो नखानं खरवडला आणि मला दाखवला. "ह्ये बग तुजं खराब बियानं."

पुढच्या आठवड्यात त्या सातांतले चार दाणे उगवले. मी त्या दुकानात गेलो नाही, हे बरं झालं.

जाता जाता एक मनातलं सांगतो. प्रत्येक शाळेत असे तीन डबे हवेत. पोरं पानाची आकृती वहीत काढतात, पण दाणा उकरून पाहत नाहीत. आणि दुसरं म्हणजे मटार घरात सोलला गेला पाहिजे. संध्याकाळी सगळ्यांनी सुपाभोवती बसून शेंगा सोलायच्या, निम्मे दाणे पोरांच्या तोंडात जायचे. गोठवलेल्या पाकिटानं ती बैठक मोडली, याचं मला खरंच वाईट वाटतं. असो.

बी उगवलं म्हणजे सुटलो, असंही नाही. खारवट जमिनीतल्या मटाराची खालची, जुनी पानं बघा. आधी कडा पिवळी पडते, मग करपते. मिठातले सोडियम आणि क्लोराइड तिथं साठत जातात. मग खुरप्यानं एक रोप मुळासकट अलगद उचला, उपटू नका. निरोगी मटाराच्या मुळांवर गाठी असतात, नखानं फोडली तर आत गुलाबी दिसते. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र रोपाला मिळवून देतात. खारात गाठी कमी धरतात, बारीक राहतात, फिकट दिसतात. म्हणजे रोपाला तहान आणि उपासमार दोन्ही. मग फूल गळतं, शेंग आखूड राहते. आपण मात्र पिवळं पान दिसलं की युरिया टाकतो! खतसुद्धा मुळापाशी क्षाराचाच भार वाढवतं. पुन्हा सांगतो, आधी मुळाची गाठ फोडून बघा, मगच खताच्या पोत्याला हात लावा.

मटार या बाबतीत नाजूक आहे. घेवड्यापेक्षा थोडा दमाचा, पण कापूस किंवा गहू जेवढा खार सोसतात तेवढा त्याला सोसत नाही. प्रयोगशाळेत मातीच्या चिखलातून काढलेल्या अर्काची विद्युतवाहकता मोजतात, मीठ जितकं जास्त तितकी ती जास्त. ती मीटरला 4 डेसिसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. कापूस साडेसातच्या आसपासपर्यंत तग धरतो, गहू सहापर्यंत.

हे मीठ आलं कुठून? बहुतेक आपल्याच पाण्यातून. पाट आला, ऊस आला, काळ्या जमिनीत पाणी मुरत राहिलं, निचरा झाला नाही, खालचं पाणी वर चढलं. उन्हानं पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. नीरेच्या खोऱ्यात पाट सुरू झाल्यावर काही वर्षांतच हे दिसू लागलं होतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान यांनी 1910 च्या सुमारास त्या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याला हे ठाऊक आहे. शेतीला वीज बऱ्याचदा रात्रीची मिळते, माणूस मोटार चालू करून झोपतो आणि पहाटेपर्यंत रान तुडुंब. शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, निम्मं जास्तीचं पाणी आपोआप थांबेल, असं माझं ठाम मत आहे.

आता आत्याच्या भोकांकडं येतो. आधी भोकं, मग पाणी. रानाला भोक म्हणजे चर. तिच्या घरच्यांनी खालच्या बांधाला ओढ्यापर्यंत चर काढला, पावसाळ्यात ताग-ढैंचा पेरून फुलोऱ्यात गाडला आणि पावसाचं पाणी रानातून खाली जाऊ दिलं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी खालच्या तुकड्यात मटार लागला. कोल्हापूरकडच्या शिरोळ भागात तर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले आहेत. एकट्याचा चर शेजाऱ्याच्या बांधाशी अडतो, म्हणून हे काम गावानं मिळून करायचं. चर न काढता नुसतं पाणी सोडलं, तर खालचं मीठ आणखी वर येईल.

एक सावधगिरी. नंतर दुसऱ्या एका गावात मी हाच डबा भरला, तर पाणी खाली उतरेचना. दुसऱ्या दिवशीही वर तसंच, काळपट, आणि माती वाळल्यावर दगडासारखी भेगाळली. ती चोपण जमीन होती. तिचा सामू, म्हणजे पीएच, साडेआठच्या वर असतो, सोडियम मातीला घट्ट चिकटलेला असतो. तिथं आधी माती परीक्षणानुसार जिप्सम टाकावं लागतं, मग निचरा. मात्र नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकलं तर पैसे वाया.

थोडाच खार असेल आणि मटार करायचाच असेल, तर सरी-वरंब्यावर दाणा माथ्यावर टोकू नका. पाणी वर चढतं आणि मीठ माथ्यावर जमतं. दाणा बगलेत टोका, ओलीच्या रेघेच्या जरा वर. पुन्हा सांगतो, माथ्यावर नाही, बगलेत.

ज्यांची पेरणी राहिली आहे त्यांनी आज संध्याकाळी तीन डबे शोधा. भोकं पाडा, माती भरा, दहा-दहा दाणे टोका आणि बारा दिवस मोजा. पाणी चाखायचं झालं तर जिभेच्या टोकाला थेंब लावून लगेच चूळ भरा. रान फवारलेलं असेल तर चाखू नकाच, परातीतला पापुद्रा बघा. नमस्कार.