टर्फ घालायचंय? आधी खालचं बघा

[दृश्य: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला एक गाव. संध्याकाळ. रस्त्याला लागून लाल मातीची मोकळी जागा आणि तिच्यात जाळीनं वेढलेलं हिरवं मैदान. दिवे नुकतेच लागले आहेत.]

इथं पूर्वी ट्रक उभे असायचे, खनिज वाहणारे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 लीज रद्द केल्या आणि पुन्हा सगळं थंडावलं. कुणी ट्रक विकले, कुणाचे दारात गंजले. जागा मात्र राहिली. सपाट, रोज दाबली गेलेली आणि थेट रस्त्यावर.

अशा जागेचं करायचं काय? किनाऱ्यावरचा पर्यटक इतक्या आत येत नाही. मंगल कार्यालयं आहेत तीच रिकामी. मग कुणाचा तरी भाचा म्हणतो, “मामा, टर्फ घालूया.” टर्फ म्हणजे प्लास्टिकच्या गवताचा गालिचा अंथरलेलं मैदान, तासाच्या भाड्यानं द्यायचं.

[दृश्य: मैदानावर पोरं. टेनिस बॉलची मॅच. बाहेर पुढची टीम बूट बांधत बसलेली.]

कल्पना वाईट नाही. सासष्टीत फुटबॉल, इकडे डिचोली, सत्तरी, फोंड्याकडे क्रिकेट. खेळणारे कमी नाहीत. भातकापणी झाली की गोव्यातली शेतंच मैदानं होतात. बांबूचे गोलपोस्ट, चुन्याच्या रेषा, आणि कुणाला एक पैसा द्यायचा नाही. म्हणजे डिसेंबर ते मे तुमच्या टर्फची स्पर्धा कुणाशी? फुकटाशी.

चित्र पालटतं जूनमध्ये. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. शेतात लावणी, गावच्या मैदानावर घोटाभर चिखल. ऑफिस सुटलेली पोरं तेव्हा फोन हातात घेऊन टर्फ शोधतात. गोव्यात या धंद्याचा खरा हंगाम पावसाळा आहे. टर्फ घालणाऱ्या बऱ्याच जणांना हे पहिला पावसाळा येईपर्यंत सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा मैदानात तळं झालेलं असतं.

[दृश्य: जवळून. गालिच्याचा कोपरा उचललेला. पाठीवर समान अंतरावर भोकं. खाली खडी.]

हा गालिचा उलटा करून बघा. हिरवी पाती पॉलिथिलीनची. ती ज्या कापडात टाचली आहेत ते पॉलिप्रॉपिलीनचं. पाती सुटू नयेत म्हणून पाठीवर लेटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप, आणि पाणी जायला ही भोकं. गालिचा एवढाच. वरून पडलेलं पाणी तो खाली सोडतो. पुढं त्या पाण्याचं काय करायचं, हे खालच्या जमिनीनं ठरवायचं.

खाली हव्यात खडीचे थर, मोठीवर बारीक, प्रत्येक थरावर रोलर फिरवलेला. किंवा मग सिमेंटचा कोबा आणि त्याला नीट उतार. कडेनं गटार, आणि गटाराला बाहेर जायला वाट. ही शेवटची गोष्ट सांगायची वेळ येऊ नये, पण येते. जांभ्याच्या मुलखात आणखी एक भानगड असते. लाल मातीचा भराव टाकून जागा उंच केली असेल तर ती पहिल्या पावसात बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. खड्डा पडला की गालिचाही त्यात उतरतो, सांधा उघडतो, आणि त्यात पाय अडकून कुणीतरी तोंडावर पडतो. भराव नवा असेल तर एक अख्खा पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा. बँकेचा हप्ता सुरू झालेल्या माणसाला हे सांगणं अवघड आहे, म्हणून कर्ज उचलण्याआधीच सांगितलेलं बरं.

[आवाज: ठेकेदार फोनवर. “बाब, पन्नास एमएमचं देतो. डोळे झाकून घ्या.”]

डोळे झाकू नका. पन्नास एमएम ही झाली पात्याची उंची. पातं किती जाड, ते डीटेक्समध्ये मोजतात. दहा हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डीटेक्स. एका चौरस मीटरात टाके किती, पातं उपटायला जोर किती लागतो, उन्हात रंग आणि ताकद टिकावी म्हणून यूव्ही स्टॅबिलायझर घातलंय का, हे सगळं चाचणीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद मागा. बाल्कनीत आणि लग्नाच्या मंडपात घालतात ते गवतही हिरवंच असतं. फोटोत फरक कळत नाही, सहा महिन्यांनी गोलपोस्टसमोर कळतो.

किनाऱ्याच्या पट्ट्यात, कळंगुट-हरमलकडे, खांब आणि जाळीही बघावी लागते. खाऱ्या हवेत साधं लोखंड रंगवून भागत नाही, गॅल्वनाइझ केलेलं घ्यावं लागतं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. एक प्रचंड बंदिस्त स्टेडियम. मग हॉकीचा सामना.]

हे प्रकरण सुरू झालं अमेरिकेत. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये गवत जगेना, म्हणून 1966 मध्ये मोन्सँटो कंपनीचं प्लास्टिकचं गवत अंथरलं. स्टेडियमवरूनच त्याला अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. दहा वर्षांनी, 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. आज मोठी हॉकी दुसऱ्या कशावर खेळतच नाहीत.

फुटबॉलचं तसं नाही. म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर कृत्रिम टर्फ आहे, पण 2017 चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक फातोर्ड्याला झाला तो खऱ्या गवतावर. नेदरलँड्सनं तर 2025-26 च्या हंगामापासून आपल्या पहिल्या दर्जाच्या लीगमधून कृत्रिम मैदानं काढूनच टाकली. म्हणून “फुटबॉलचं भविष्य टर्फ आहे” असं कुणी ऐकवलं तर मान डोलवून सोडून द्यावं. डिचोलीतलं टर्फ चालतं ते ऑफिस सुटल्यावर खेळायला येणाऱ्या आठ-दहा जणांवर.

[दृश्य: दुपार. टर्फ रिकामं. गेटला कुलूप.]

आणि ते खेळतात कधी? दुपारी नाही. कडक उन्हात हे प्लास्टिक साठ अंशांच्या वर तापू शकतं. सकाळी शाळा, कॉलेज, नोकऱ्या. विकायला उरतात संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, पाच तास.

आता कागदावर मांडू. आकडे धरून चाललेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा चाळीस लाखांचं कर्ज, पाच वर्षं, अकरा टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे 87 हजार. ताशी हजार रुपये दर धरला तर पाच तासांचे पाच हजार, महिन्याचे दीड लाख. पण हे एकही तास रिकामा गेला नाही तर. निम्मेच तास विकले गेले की हातात 75 हजार, म्हणजे हप्तासुद्धा सुटत नाही. राखणदाराचा पगार, विजेचं बिल, जाळीची डागडुजी अजून यात धरलेलीच नाही. जागा स्वतःची आहे म्हणून भाडं नाही, हा ट्रकमालकाचा एक फायदा. भाड्याच्या जागेवर कर्ज काढून टर्फ घालणाऱ्याला मी तरी दोनदा विचारीन.

आणि गालिचा आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो. पाच वर्षांनी कर्ज फिटलं की पुढचा सगळा नफाच, असं वाटतं. तो नफा नव्हे. त्यातला मोठा वाटा पुढच्या गालिच्याचा आहे, आणि गालिच्याचा कच्चा माल येतो पेट्रोलियमपासून. तेव्हा भाव काय असेल ते आपल्या हातात नाही.

[दृश्य: तालुक्याचं ठिकाण. एका दुकानाबाहेर टाइपरायटर, झेरॉक्सची पाटी.]

जमिनीच्या कागदांत जास्त शिरत नाही, पण एक सांगायलाच हवं. शेतजमीन असेल तर जमीन महसूल संहितेखाली रूपांतराची सनद, म्हणजे ती बिगरशेतीला वापरायची परवानगी, लागते. कूळ कायद्यानं मिळालेली जमीन असेल तर 1991 च्या कायद्याप्रमाणे ती शेतीशिवाय कशालाच वापरता येत नाही. “तात्पुरतं आहे, जाळीच तर आहे” हे उत्तर तक्रार होईपर्यंत चालतं. आणि तक्रार होते, कारण रात्री दहानंतर कुणीतरी स्पीकर लावतो.

[दृश्य: रात्र. राखणदार गेटपाशी झाडू मारतोय. जवळून: सुपलीत काळे दाणे.]

हे काळे दाणे बघा. जुन्या टायरचं रबर, बारीक केलेलं. पात्यांच्या मुळाशी आधी वाळू, तिच्यावर हे रबर. त्यानं पातं उभं राहतं आणि पडल्यावर गुडघा वाचतो. पोरांच्या बुटांतून, मोज्यांतून ते रोज मूठ-मूठ बाहेर जातं. राखणदार झाडून परत टाकतो, तेही गोलसमोर, जिथं सगळ्यात जास्त झिजतं तिथं. हे काम त्याला कुणी शिकवलेलं नाही. पण गालिचा दोन वर्षं जास्त टिकला तर तो याच झाडूमुळे टिकेल.

पावसात हेच दाणे गटारात, गटारातून ओहोळात आणि तिथून मांडवीत. युरोपीय संघानं 2023 मध्ये नियम केला की 2031 च्या ऑक्टोबरपासून असं प्लास्टिक-रबराचं भरण विकायला बंदी. आपल्याकडे तसं काही नसलं तरी कडेला बोटभर उंच बांध आणि गटाराच्या तोंडाशी जाळी लावायला फारसा खर्च येत नाही. शिवाय वाहून जाणारं रबर तुमच्याच पैशाचं आहे.

उरला जुना गालिचा. चाळीस बाय वीस मीटरचं मैदान, चौरस मीटरला पंधरा किलो वाळू धरली तरी नुसती वाळू बारा टन. तिच्यावर रबर, आणि वर फाटका गालिचा. पंचायतीची कचरागाडी हे नेणार नाही. भंगारवाला बघून जाईल आणि परत येणार नाही. जुना माल उचलायचा कुणी, ही ओळ ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये शोधा. नसेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या, त्याच्याच लेटरहेडवर.