थिजलेली चौकट

चित्रपटाच्या फिल्मवर सेकंदाला 24 चित्रे धावतात. अशा प्रत्येक चित्राला चौकट (फ्रेम) म्हणतात. त्यांतली एकच चौकट ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरची चित्रे दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, पुन्हा पुन्हा छापत राहिली, की पडद्यावरची हालचाल जागच्या जागी गोठते. फिल्मवरचे एरवी सतत सळसळणारे बारीक कणही स्थिर होतात आणि चित्र किंचित खरखरीत दिसू लागते. सुरुवातीला हे तंत्र कथनाची सोय म्हणून वापरले जाई. 1950 च्या ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये पुरस्कार स्वीकारण्यासाठी पुढे झालेली अभिनेत्री ईव्ह मध्येच थबकते आणि तिची कहाणी सुरू होते.

1959 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी ही गोठलेली चौकट शेवटाला नेली. ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मधला सुधारगृहातून पळालेला अंत्वान समुद्रापर्यंत धावत येतो, वळून कॅमेऱ्याकडे पाहतो आणि चित्र तिथेच थांबते. पुढे पाणी आहे, मागे सुधारगृह आहे, आणि मुलाचे काय होणार हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

पाच वर्षांनी आलेल्या सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’चा शेवट मला याहूनही धाडसी वाटतो. पत्नी चारूचे मन आपला चुलतभाऊ अमल याच्यात गुंतल्याचे कळल्यावर भूपती सैरभैर होऊन बाहेर पडतो आणि काही वेळाने परततो. चारू हात पुढे करून त्याला आत बोलावते. तोही हात पुढे करतो, पण ते दोन हात एकमेकांना भिडण्याआधीच चौकट गोठते. पाठोपाठ चारूचा चेहरा, भूपतीचा चेहरा आणि दिवा घेऊन आलेला नोकर, अशी एकेक स्थिर चित्रे येतात. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या मूळ कथेत म्हैसूरला निघालेल्या भूपतीला चारू आपल्यालाही सोबत नेण्याची विनवणी करते, तो घुटमळतो, आणि अखेर ‘राहू दे’ अशा अर्थाचे मोजके शब्द ती उच्चारते. तो प्रसंग न घेताही राय यांनी त्या नकारातले अंतर दोन हातांमधल्या वीतभर जागेत अचूक पकडले आहे.

दूरचित्रवाणी मालिकांनी मात्र या तंत्राची धार घालवली. भागाच्या शेवटी थिजवलेला चेहरा उद्याच्या भागापुरती उत्सुकता ताणून धरतो, त्यापलीकडे त्याला काम उरत नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मध्ये (2013) चौकट चालूच राहते आणि माणसे थिजतात. डुकराच्या मागे धावणारे जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब ऐन पाठलागात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जिथल्या तिथे ताठ उभे राहते. जनावराला त्या सुरांचे बंधन नसल्यामुळे ते त्यांच्या डोळ्यांदेखत निसटते. ज्या गावाने या माणसांना त्यांच्या जातीमुळे कधी आपल्या बरोबरीचे मानले नाही, त्याच गावात ती हा मान इतक्या निष्ठेने पाळतात, आणि राष्ट्रगीत संपल्यावर त्यांना पुन्हा डुकरामागे धावावेच लागते.