म्हाताऱ्या लेअरचं अंडं आणि टनाला अर्धा किलो प्रोबायोटिक पावडर

टेबलावर चिरून उघडलेली ही लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, वय ७५ आठवडे. डावीकडे द्राक्षाच्या घडासारखा दिसतो तो अंडाशय. उजवा वाढतच नाही. धडधाकट पक्ष्यात इथे पाच-सहा मोठे बलक उतरत्या मापाने लागलेले असतात. इथे तीन, आणि कडेचे हे सुरकुतलेले दोन जिरत चाललेत.

खाली अंडनलिका. पांढरं चढायला साधारण तीन तास, आणि शेवटच्या या पिशवीत कवचाला तब्बल वीस. कवचात कॅल्शियम दोन ग्रॅमच्या वर. वयाबरोबर अंडं मोठं होतं, कॅल्शियम मात्र तेवढंच राहतं. ट्रेमधले तडे त्याचेच.

नलिकेचं तोंड विष्ठेच्याच वाटेला उघडतं. तिथून ई. कोलाय हा विष्ठेतला जीवाणू वर चढला की आत असा घट्ट पिवळा गोळा जमतो. पक्षी अंडी द्यायचा थांबतो.

प्रोबायोटिक म्हणजे खाद्या-पाण्यातून दिलेले उपकारक जीवाणू; त्यांचं काम आहे ते आतड्यात. तिथे ई. कोलायला जागा कमी पडली, आतड्याचं अस्तर शाबूत राहिलं, की कॅल्शियम नीट शोषलं जातं. काही चाचण्यांत कवच सुधारलं, काहींत फरक पडला नाही.

ही पावडर बॅसिलस सबटिलिसची. हा जीवाणू बीजाणूरूपात, म्हणजे टणक सुप्त अवस्थेत असल्याने गोदामातल्या उन्हाळ्यात टिकतो. लॅक्टोबॅसिलस हा दुसरा प्रोबायोटिक जीवाणू एवढा टिकत नाही. पाकिटावर मात्रा खाद्याच्या टनाला ५०० ग्रॅम. ती सरळ मिक्सरमध्ये ओतायची नाही! दोन हजार भागांत एक भाग, एका कोपऱ्यातच राहते. आधी १० किलो मक्याच्या भरड्यात हाताने कालवा, गाठी फोडा. मिक्सरमध्ये मका आणि सोया पेंड अर्धी फिरली की हा भरडा टाका, तेल त्यानंतर. आडव्या मिक्सरला पाच मिनिटं, उभ्याला पंधरा. मिसळणं इथे चुकलं की पावडरचे पैसे वाया जातात.

पाण्यातून द्यायची जिवंत लॅक्टोबॅसिलसची पावडर असेल, तर त्या टाकीत क्लोरीन नको. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना कुठलीच नको, संपल्यावर सुरू करा. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर कोंबड्यांसाठी २०१९ पासून भारतात बंदीच आहे.

आणि शिंपला-ग्रिट, म्हणजे कॅल्शियमसाठीचा शिंपल्याचा चुरा? जाडसर, दुपारनंतरच्या खाद्यात, कारण कवच रात्री चढतं. तेच चुकलं तर पावडर काय करणार?

फरक पाहायचा तर एकाच वयाच्या कोंबड्यांच्या दोन ओळी घ्या, एकीला पावडर द्या, दुसरीला नको, आणि तडकलेली अंडी रोज वेगळी मोजा. विष्ठा आधी घट्ट होते; कवचाला काही आठवडे लागतात.