बाटली सुटत नाहीये? फुलपात्र टेकवा, ओतू नका!

नमस्कार मंडळी. आज केससुद्धा विंचरलेले नाहीत, जशी आहे तशी बसलेय. कारण मी व्हिडिओ टाकते मसालेभाताचा आणि खाली प्रश्न येतात बाटलीचे. "ताई, दीड वर्षाचा झाला, बाटली सोडत नाही." "ताई, कप दिसला की मुलगी पलंगाखाली जाते." आणि एकीने तर कळस केलाय, "पुढच्या महिन्यात नर्सरी सुरू होतेय, दप्तरात बाटली दिली तर चालेल का?" बाई गं!

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते झटपट उरकते. बाळ सहा महिन्यांचं झालं, वरचं खायला लागलं, की तेव्हापासूनच जेवताना घोटभर पाणी कपाने द्यायचं. वर्ष ते दीड वर्षात बाटली बंद. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही १२ ते १८ महिने हेच सांगते. आपल्याकडचे डॉक्टर तर मुळात बाटली आणूच नका म्हणतात, वाटी-चमचा घ्या म्हणतात. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध भरपूर झालं. एकेक वेळची बाटली कमी करत जायची, आधी दुपारची, मग सकाळची, सगळ्यात शेवटी रात्रीची. झालं. आता अडतं कुठे ते बोलू.

(फुलपात्र कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा, फुलपात्र. सगळ्यांच्या घरात असतं, ताटाशेजारी पाण्याला घेतो तेच. आता आपण काय करतो? पोराला मांडीवर आडवं घेतो, एका हाताने हनुवटी धरतो आणि दुसऱ्या हाताने दूध तोंडात ओततो. पोराला ठसका लागतो, दूध नाकातून येतं, आपला गाऊन भिजतो. मग आपण फोन करून आईला सांगतो, "याला कपच आवडत नाही." अहो, कपाचं काय घेऊन बसलात? नाकातोंडात दूध गेलेलं कोणाला आवडेल?

ओतायचं नाही. टेकवायचं. मूल सरळ बसलेलं हवं. फुलपात्राची कड खालच्या ओठावर टेकवा, हलकेच तिरकं करा, दूध वरच्या ओठाला लागलं की थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा! आतलं दूध त्याने ओढायचंय. पहिले चार दिवस नुसती जीभ बुडवेल, मांजरासारखं. बुडवू दे. बाटलीत चोखायची सवय असते, जीभ पुढे-मागे करून दूध खेचायची. इथे ओठ मिटून कड धरायची असते आणि जीभ आत ठेवायची असते. वेगळंच काम आहे ते, त्याला वेळ लागतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट, मग हात ओतायलाच का जातो? माझं उत्तर आहे, उष्टं! आपल्या घरात लहानपणापासून काय ऐकलंय? "भांड्याला तोंड लावू नकोस, वरून पी." आमच्या सासूबाई सत्तर वर्षं वरून पाणी पितायत, एक थेंब इकडचा तिकडे होत नाही. त्यांनी नातीलाही तसंच पाजायला घेतलं, चांगली वीतभर वरून धार. पोरगी डोळे मिटून आऽ करून बसली होती, दंतवैद्याकडे बसतात तशी. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, हे फुलपात्र हिचंच, वेगळं ठेवू. करू दे उष्टं." त्याच्या बुडावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. प्रश्न मिटला. तुमच्याकडेही एक भांडं पोराच्या नावाचं करून टाका.

एका काकूंनी लिहिलंय, "आमच्या वेळी बोंडल्याने पाजायचे, तेव्हा कुठे होते हे कप?" काकू, बोंडलं झकासच! तान्ह्याला बाटलीपेक्षा कितीतरी बरं, धुवायला सोपं. पण बोंडल्याने आपण पाजतो, हळूहळू चोचीतून सोडतो. दीड वर्षाच्या पोराला आता स्वतः प्यायला शिकायचंय. म्हणून त्याला टेकवायचं आणि थांबायचं.

तिसऱ्यांदा तेच सांगते, कारण बाबा लोक हा व्हिडिओ बघत असतील. बाबा लोक काय करतात? सांडू नये म्हणून मोठा पेला घेतात आणि तळाला दोन घोट दूध घालतात. वरवर शहाणपणाचं वाटतं. आता ते तळातलं दूध तोंडापर्यंत यायला पेला किती उलटा करावा लागेल? पेला उलटा, पोराची मान मागे, आणि ओतल्यासारखंच झालं की पुन्हा! तुम्ही करून बघा. वर पंख्याकडे बघा आणि घोटभर पाणी गिळा. (थांबून) जमलं? म्हणून भांडं छोटं घ्यायचं आणि काठोकाठच्या जवळ भरायचं. खोकल्याच्या औषधाबरोबर ते मापाचं टोपण येतं ना, १० मिलीचं, सुरुवातीला ते उत्तम. स्वच्छ धुऊन पूर्ण भरा. सांडलं तरी सांडून किती सांडणार?

आता सिपर. "ताई, कोणत्या कंपनीचा?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. बाटलीचं तर मी नाव घेणारच नाही. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, बाळांच्या दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. आणि सिपरबद्दल माझं वैयक्तिक मत, ज्यातून उलटं केलं तरी थेंब पडत नाही तो सिपर म्हणजे टोपी घातलेली बाटली. आत झडप असते, पोराला चोखावंच लागतं, म्हणजे शिकला काय? प्रवासात ठीक आहे, एसटीत बसल्यावर मीही देते. त्यापेक्षा स्ट्रॉ बरी. पण घरात फुलपात्रच.

रात्रीची बाटली. इथे मी शहाणपणा शिकवायला नको, कारण थोरल्याच्या वेळी मीच माती खाल्ली. तो तीन वर्षांचा होईपर्यंत तोंडात बाटली घेऊन झोपायचा आणि मला बरंच वाटायचं, शांत झोपतोय ना! एक दिवस हसला तेव्हा उन्हात दिसलं, वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत आधी पांढरट रेघ, मग तपकिरी. खालचे दात अगदी स्वच्छ. डॉक्टरांनी समजावलं, चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, ते वाचतात. झोपेत लाळ कमी होते, दुधातली साखर वरच्या दातांवर तशीच बसते आणि जंतूंची रात्रभर पंगत. "दुधाचेच दात आहेत, पडणारच की" असं लिहिणाऱ्यांनो, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर त्या पोराने चावायचं कशाने?

धाकटीच्या वेळी म्हणून असं केलं. दूध रात्रीच्या जेवणाबरोबर, फुलपात्रात, स्वयंपाकघरात. मग दात घासणं, मग गोष्ट, मग झोप. तरी झोपताना बाटली मागायचीच. तेव्हा बाटलीतल्या दुधात तीन दिवस पाव भाग पाणी, मग तीन दिवस अर्धं, मग नुसतं पाणी. नुसत्या पाण्याची बाटली तिने दोन रात्री प्यायली आणि तिसऱ्या रात्री माझ्या अंगावर फेकली. हे वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी हं! तान्ह्या बाळाच्या दुधात पाणी घालायचं नाही, पावडरचं दूध पातळ करायचं नाही, हे मी मुद्दाम हळू बोलतेय.

"बाटली सोडली तर दूधच सोडेल!" थोडं कमी होतं, खरं आहे. आमचीचं निम्म्यावर आलं. पण दिवसाला लिटरभर दूध पिणारं मूल जेवणार कधी? दुधात लोह नावालाच असतं, पोट मात्र भरतं. बाटली गेल्यावर आमची पहिल्यांदा भाकरीचा पापुद्रा ओढून खायला लागली. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम पुरतं. दही द्या, ताक द्या, नाचणीचं सत्त्व द्या. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलीग्रॅमच्या आसपास असतं.

आता शेवटचं, तो रीलवाला प्रकार. "बाटली काऊने नेली" सांगा, पोरगं विसरतं, म्हणे. नका सांगू. मी सांगितलं होतं. सरळ "आता बाटली नाही, फुलपात्र" म्हटलं असतं तर दोन दिवस रडली असती, संपलं असतं. पण मी म्हटलं, काऊने नेली.

महिन्याभराने पितृपक्ष आला. सासऱ्यांची तिथी. सासूबाईंनी सकाळपासून स्वयंपाक केला, खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. गॅलरीच्या कठड्यावर पान ठेवलं. समोरच्या आंब्यावर दोन कावळे बसलेले. एक जरा उडून जवळ आला की आमची ग्रिलला लटकून ओरडायची, "काऊ, माझी बाटी दे!" कावळा परत झाडावर. अर्धा तास झाला, तास झाला, कावळा काही शिवेना. सासूबाई हात जोडून विचारतायत, "अहो, कशात जीव अडकलाय तुमचा?" आणि खालून ही, "बाटी दे!"

शेवटी सासूबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "तूच काय ते कबूल कर त्यांच्यापाशी."

मी पदर सावरला, कावळ्याकडे बघून म्हटलं, "बाबा, बाटली मी माळ्यावर टाकलीय, पोरीशी परत खोटं बोलणार नाही."

तरी शिवायला दीड वाजला.